भाड्याचं घर सुटतंय, म्हणून विकत घ्यायचं का?

कोथरूडच्या एका वाचक ताईंचं लांबलचक पत्र आलंय. त्यांच्याच शब्दांत, पण आटोपशीर करून देते.

"आम्ही आठ वर्षं कोथरूडमध्ये एकाच सोसायटीत भाड्याने राहतो. भाडं 26 हजार. आता सोसायटी पुनर्विकासाला जातेय आणि मालकांनी सहा महिन्यांत घर रिकामं करायला सांगितलंय. मी इथल्याच शाळेत कायम शिक्षिका आहे, हातात 44 हजार येतात. मिस्टर हिंजवडीला आयटीत, त्यांच्या हातात 98 हजार. मुलगी दुसरीत, माझ्याच शाळेत. भाडं सोडून घरखर्च 62 हजार. पुनावळ्याला एका नव्या प्रकल्पात टू बीएचके बघितलाय, करारनाम्याची किंमत 85 लाख, ताबा तीन वर्षांनी. तसल्या घराला तिथे 24 हजार भाडं आहे म्हणतात. आमची शिल्लक 24 लाख. कराडहून सासरे एसटीतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतले 10 लाख द्यायला तयार आहेत. म्हणतात, आठ वर्षांत पंचवीसेक लाख दुसऱ्याच्या घशात घातलेत, आता तरी हक्काचं छप्पर करा. उरलेल्यासाठी माझे दागिने तारण ठेवू. मिस्टरांच्या कंपनीत बंगळुरूला पाठवायचं अधूनमधून चाललेलं असतं. सेल्सवाला म्हणतो या रविवारी टोकन दिलं तर पार्किंग फुकट. काय करू?"

ताई, नमस्कार.

रविवारी टोकन देऊ नका. पार्किंगचं आमिष पुढच्या रविवारीही असतं, हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्यावर चिडायचंही सोडून दिलंय. माझं उत्तरही आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. घर घ्या, पण हे नको आणि आत्ता नको. सासऱ्यांच्या पैशांना तर हातच लावू नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आठ वर्षांत भाड्याने राहण्याचा त्रास झाल्याचं तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही. मालक बरे, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, शेजार चांगला. मग पुनर्विकासाची नोटीस आली आणि एकदम पुनावळं. म्हणजे तुम्हाला घाबरवलंय ते सहा महिन्यांनी बिऱ्हाड हलवायच्या कल्पनेने. ती अडचण खरी आहे, पण तिच्यावर वीस वर्षांचं कर्ज हा उपाय नाही. त्यातही गंमत अशी की ज्या घराचा ताबाच तीन वर्षांनी मिळणार, ते घेतलं तरी सहा महिन्यांनी तुम्हाला भाड्याचं घर शोधावंच लागणार आहे.

आता सासऱ्यांचं म्हणणं घेऊ, कारण ते चूक आहे असं नाही, अर्धं आहे. भाडं जातं ते जातंच. पण व्याजही जातंच की. 85 लाखांच्या घरावर बँक साधारण 80 टक्के, म्हणजे 68 लाख देईल. साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षं मुदत धरली तर महिन्याचा हप्ता 59 हजारांच्या आसपास येतो. वर्षाला 7 लाख 8 हजार. पहिल्या वर्षी त्यातले जवळपास 5 लाख 73 हजार व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं फक्त 1 लाख 35 हजार. तुमचं वर्षाचं भाडं आहे 3 लाख 12 हजार. मग दुसऱ्याच्या घशात जास्त कधी जातं? हा हिशेब सासऱ्यांना कागदावर मांडून दाखवा. एसटीतला माणूस, तिकिटाचा हिशेब वर्षानुवर्षं लावलेला, त्यांना लगेच कळेल.

आणि 85 लाख हा आकडा तरी कुठे खरा आहे? पुणे, पिंपरी-चिंचवडमध्ये करारनाम्यावर सगळं धरून 7 टक्के मुद्रांक शुल्क लागतं. मूळ 5 टक्के, 1 टक्का स्थानिक संस्थेचा, 1 टक्का मेट्रोचा. ते झाले 5 लाख 95 हजार. नोंदणी फी 30 हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 4 लाख 25 हजार. साडेपंचाण्णव लाख झाले. पुढे सोसायटीची आगाऊ देखभाल, स्वयंपाकघराची ट्रॉली-कपाटं, पंखे, ग्रिल, पडदे. चार लाख तरी धराच. थोडक्यात एक कोटीचं घर. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बँक घराच्या किमतीत धरत नाही, त्यामुळे कर्ज 68 लाखांवर थांबतं आणि वरचे साडेएकतीस लाख तुमच्या खिशातून येतात.

तुमचा खिसा बघू. 24 लाखांचा तपशील पत्रात दिलात हे बरं केलंत. ठेवी 12 लाख, म्युच्युअल फंड 5, पीपीएफ 4, सुकन्या 3. यातली सुकन्या मुलगी अठरा वर्षांची किंवा दहावी पास होईपर्यंत विसरायची. पीपीएफमधून थोडंफार निघेल, पण मी ते धरणार नाही. म्हणजे हातात 17 लाख. साडेचौदा कमी पडतात. त्यासाठी सासऱ्यांचे 10 आणि वर सोनेतारण. ज्या दिवशी किल्ली मिळेल त्या दिवशी तुमच्या घरात एक रुपया शिल्लक नसेल, दागिने बँकेत असतील आणि कराडला दोन म्हातारी माणसं स्वतःच्या दवाखान्याच्या पैशांशिवाय बसलेली असतील.

महिन्याचं गणित तर त्याहून तंग आहे. दोघांचे मिळून 1 लाख 42 हजार. त्यातून हप्ता 59, घरखर्च 62, सोसायटीचे चार-पाच हजार. उरले सोळा-सतरा, आणि त्यात सोनेतारणाचं व्याज, तुमचा रोजचा प्रवास, गावाला येणं-जाणं. ही झाली सगळं सुरळीत असतानाची गोष्ट. मिस्टरांची नोकरी चार महिने बंद राहिली तर तुमच्या 44 हजारांत नुसता हप्तासुद्धा बसत नाही. आयटीत असं होत नाही असं म्हणायचे दिवस गेलेत, हे मिस्टरांनाच विचारा.

त्यात कर्जाचा दर बदलता. मे 2022 पर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो, 4 टक्के होता, फेब्रुवारी 2023 मध्ये तो साडेसहा झाला. दहा महिन्यांत अडीच टक्के. ज्यांनी स्वस्त दर बघून कर्ज घेतलं होतं त्यांच्या मुदती वर्षानुवर्षांनी लांबल्या, काहींना तर बँकेच्या मेसेजवरूनच कळलं. तुमचा दर साडेआठवरून दहावर गेला तर हप्ता 65 हजारांच्या पुढे जातो. पुढे कमीही होईल, अगदी मान्य. पण तो वाढलेल्या दिवसांत तुमच्याकडे सहा हजार जास्तीचे असतील का, एवढंच बघायचं.

सेल्सवाल्याने टॅक्स वाचेल असं सांगितलं असणारच. मिस्टर नव्या करप्रणालीत असतील तर स्वतः राहत्या घराच्या व्याजावर काहीही वजावट मिळत नाही. जुन्यात मिळते, वर्षाला 2 लाखांपर्यंत, पण ताबा मिळाल्यानंतर. कर वाचतो म्हणून घर घेणं मला तसंही कधी पटलेलं नाही.

आता पुनावळ्याबद्दल. तिथून हिंजवडी जवळ, कोथरूड लांब. म्हणजे ज्यांची नोकरी बंगळुरूला जाऊ शकते त्यांना ऑफिस जवळ, आणि ज्यांची नोकरी कायम, पक्की, त्यांना रोज हायवेने चांदणी चौक गाठून मग शाळा. शिवाय सोबत दुसरीतली मुलगी. तिला तिकडच्या शाळेत घातलंत तर नवा प्रवेश, नवी फी आणि तुमच्या शाळेतली सवलत गेली. घर निवडताना नवऱ्याच्या ऑफिसपासून अंतर मोजायचं आणि बायकोने "जमवून घ्यायचं", हे इतकं रुळलेलं आहे की तुम्ही स्वतःसुद्धा पत्रात तुमच्या येण्याजाण्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीत! आठ वर्षांत तुमच्या घराचं केंद्र ती शाळाच राहिली आहे. पुढचं घर, भाड्याचं असो की विकतचं, तिच्याभोवती शोधा.

बंगळुरूचं काय? समजा घेतलं आणि ताबा मिळाल्यावर वर्षाभरात जायची वेळ आली. विकायला काढलंत तर घेणारा तुमचा जीएसटी भरून देणार नाही, कारण तयार घरावर तो लागतच नाही. मुद्रांक तो स्वतःचं वेगळं भरेल, तुमचं गेलं. म्हणजे 85 चं घर निदान साडेपंचाण्णवला विकलं जाईल तेव्हा तुम्ही जिथल्या तिथे, तेही व्याज न धरता. भाड्याने दिलंत तर 24 हजार येतील आणि हप्ता 59 हजार जाईल. म्हणून कोणी विचारलं की भाड्याने राहू की घेऊ, तर मी आधी एकच विचारते, त्या घरात पुढची सात-आठ वर्षं राहणार याची खात्री आहे का. मुद्रांक, जीएसटी, दलाली, फर्निचर हे सगळे एकदाच होणारे खर्च जास्त वर्षांवर वाटले गेले तरच झेपतात. तुमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर आत्ता "बघू" असं आहे.

भाडं दरवर्षी वाढत राहील आणि हप्ता तेवढाच राहील, असं मिस्टर म्हणतात. बरोबर आहे. पण 26 हजार दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढत गेले तरी 59 हजारांवर पोचायला जवळपास सतरा वर्षं लागतात. मधल्या काळातला फरक जर तुम्ही खरंच बाजूला टाकलात, तर भाडेकरू राहून तुम्ही काही गमावत नाही. ही "जर" मात्र मोठी आहे. हप्ता माणसाला सक्तीने बचत करायला लावतो, भाड्याने राहणाऱ्याला तसं कोणी लावत नाही, आणि उरलेले पैसे दिवाळीत, मोबाइलमध्ये, लग्नकार्यांत कसे गेले ते कळतही नाही. तुमच्या बाबतीत मला ही भीती कमी वाटते, कारण आठ वर्षांत 24 लाख साठवलेत.

शिवाय काही गोष्टी या गणितात बसत नाहीत, त्या मी नाकारणार नाही. पुण्यात घर बघायला गेलं की आधी आडनाव विचारतात, मग खाणंपिणं. एकट्या बाईला, साठीच्या पुढच्या जोडप्याला मालक हळूच नाही म्हणतात. असा नकार ज्यांच्या वाट्याला वारंवार येतो त्यांनी आकड्यांकडे थोडं दुर्लक्ष करून स्वतःचं घर आधी घेतलं तर मी त्यांना वेडं म्हणणार नाही. पन्नाशीपर्यंत स्वतःचं घर असावं असं मलाही वाटतं. तुम्ही चौतिशीच्या आहात, मिस्टर सदतीस. वेळ आहे.

तर आता सहा महिन्यांचं बघू. पहिली गोष्ट, शोध लगेच सुरू करा, शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. सोसायटी रिकामी होताना तुमच्यासारखे भाडेकरूच नाही, तर सगळे मालकही त्याच चार गल्ल्यांमध्ये भाड्याची घरं शोधणार, आणि त्यांचं भाडं बिल्डर देणार असतो. तुम्हाला बिल्डरकडून काही मिळत नाही. कोथरूडमध्ये एकाच वेळी इतक्या इमारती पाडकामाला निघाल्यात की चांगली घरं महिना-दोन महिने आधीच ठरतात. तीस हजारांची मनाची तयारी ठेवा. आणि मालकांना फुकट नवं घर मिळतंय म्हणून हळहळू नका, तेही तीन-चार वर्षं तुमच्यासारखेच परक्या घरात राहणार आहेत, आणि काम रखडलं तर त्याहून जास्त.

दुसरी गोष्ट, अकरा महिन्यांचा करार करू नका. तो कायद्याने लागतो असा समज आहे, पण महाराष्ट्रात तसं नाही. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे इथे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. मग नोंदवायचाच आहे तर 36 महिन्यांचा करा. मालक बहुतेक वेळा अकरा महिने सवयीने सांगतात, समजावलं की ऐकतात. त्यात दरवर्षीची 5 टक्के वाढ आधीच लिहून घ्या, आणि मालकाने निदान दोन वर्षं मध्येच घर सोडायला सांगायचं नाही असा लॉक-इन घाला. लॉक-इन बहुतेक करारांत फक्त भाडेकरूला बांधणारा असतो, तो दोन्हीकडून लिहिला आहे ना ते नोंदणीआधी स्वतः वाचा, एजंटवर सोडू नका. मिस्टरांची बदली झाली तर दोन महिन्यांच्या नोटिशीवर तुम्हाला बाहेर पडता यावं, हेही लिहून घ्या. लॉक-इन दोघांनाही बांधत असेल तर बदलीचा हा अपवाद आधी घातलेला बरा.

आणि घर बघताना इमारतीचं वय बघा. चार मजली, लिफ्ट नसलेली, पस्तीस-चाळीस वर्षांची सोसायटी असेल तर सचिवांना सरळ विचारा, पुनर्विकासाचा विषय सर्वसाधारण सभेत आलाय का, 79 अ ची, म्हणजे सहकार कायद्यातल्या पुनर्विकासाच्या कलमाची, प्रक्रिया सुरू आहे का. एकदा या फेऱ्यातून गेलात, लगेच दुसऱ्यांदा नको.

या तीन वर्षांत काय करायचं? आत्ता भाडं आणि खर्च जाऊन तुमचे 54 हजार उरतात, नव्या भाड्यात 50 उरतील. पगाराच्या दिवशीच ते वेगळ्या खात्यात टाका, जसं काही हप्ता कापला गेला. थोडे आवर्ती ठेवीत, थोडे फंडात, ते मिस्टर ठरवतील, पण तीन वर्षांनी लागणारे पैसे सगळे शेअर बाजारात नकोत. ही हप्त्याची रंगीत तालीम समजा. सहा महिन्यांत घरात चिडचिड व्हायला लागली तर कळेल की तुम्हाला 50 चा हप्ताही जड आहे, आणि हे कर्ज काढायच्या आधी कळलेलं चांगलं.

टिकलं, तर तीन वर्षांत 18 लाख अधिक आजचे 17, व्याज न धरताही 35 लाख. त्यातले सहा लाख अडीअडचणीला बाजूला. 29 लाख हातात घेऊन तयार घर बघा, भोगवटा प्रमाणपत्र असलेलं, म्हणजे जीएसटी नाही. तेव्हा 80 लाखांचं घर मिळालं तर मुद्रांक-नोंदणीसकट 86 पडेल, कर्ज 57 लाखांचं, हप्ता साडेएकोणपन्नास हजार. सासऱ्यांचा एक पैसा नाही, दागिने कपाटात. कोथरूडमध्येच जमेल असं नाही, वारजे, कर्वेनगर, शिवणे, धायरी या बाजूंनाही फिरा. जुन्या सोसायटीत घेणार असाल तर जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का ते विचारा, आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मालकी कोणाकोणाकडे होती याची तपासणी, काढून घ्या. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर महिला म्हणून मुद्रांकात 1 टक्का सवलत मिळते, मिस्टर कर्जात सहकर्जदार राहू शकतात. त्याबद्दल घरात मोकळेपणाने बोला, ऐंशी हजार वाचतात म्हणून तरी.

तीन वर्षांत भाव वाढले तर? वाढू शकतात, आणि मग थोडं लहान किंवा थोडं जुनं घर घ्यावं लागेल. हा तोटा आहे. हातात काहीही शिल्लक नसताना मोठं घर घेण्यापेक्षा मला तो कमी वाटतो.

राहिले सासरे. त्यांनी आपणहून पैसे देऊ केले, त्यांना नाही म्हणणं अवघड आहे हे कळतं. पण तुम्ही पत्रात शेवटी सहज लिहिलंय की धाकटे दीर कराडलाच असतात. आज सासरे प्रेमाने दहा लाख देतील, आणि पंधरा वर्षांनी शेतीच्या वाटणीत "दादाला पुण्यात घर घेऊन दिलं होतं ना" हे वाक्य येईल. आलंच नाही तरी तुम्ही दर दिवाळीला ते येईल की काय म्हणून बघत राहाल. हे बोलणं तुम्ही करू नका, मिस्टरांना करू द्या, आणि फोनवर नको, कराडला जाऊन. "बाबा, तीन वर्षांनी घेतोय, तेव्हा कमी पडले तर मागेन" असं म्हणाले की त्यांचाही मान राहतो.

आणि बुकिंगचा फॉर्म भरून आला असाल तर तो नीट वाचा. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हा रेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याचा, नियम. पण लाखभर टोकन देऊन नंतर नको म्हटलं तर किती परत मिळणार हे त्या फॉर्मच्या मागच्या बारीक अक्षरांत असतं. चेक अजून दिला नसेल तर रविवारी तिकडे जाऊच नका, त्याऐवजी मयूर कॉलनी किंवा डहाणूकरला दोन-तीन भाड्याची घरं बघून या. आणि आताच्या मालकांकडून अनामत रकमेचं आजच लेखी घ्या, घर सोडाल त्याच दिवशी पूर्ण परत. पाडकामाच्या धांदलीत ती सगळ्यात शेवटी आठवते.